छत्तीस तास

शुक्रवारी रात्री आठला बेलमिरोने जुनी गोळी घेतली, शेवटची.
आता छत्तीस तास ती नाही.
आणि नवीही नाही.
फार्मसीतल्या ग्रासाने हे तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा नव्या खोक्यावर निळ्या शाईत लिहिलं:
रविवार, सकाळी आठ. त्याआधी नको.

दोन्ही हृदयासाठीच ना? मग भांडण कसलं?
ग्रासा म्हणाली, अंगात दोघी एकदम भेटल्या
तर ओठ सुजतात, जीभ सुजते, श्वासाची वाट मिटते.
सगळ्यांना नाही. कधी कधी.
इदालिनाला तेवढं 'कधी कधी' पुरलं.

माझ्या भाषेत छत्तीस लिहिला
की तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात.
आवेइरोत हे कुणाला ठाऊक असणार?
तरी तिने त्याच रात्री, न बोलता,
जुनं खोकं शेजारच्या ओदेतकडे नेऊन दिलं,
नवं ठेवलं वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे.

एकेचाळीस उन्हाळे हा माणूस मिठागरात होता.
टोपली डोक्यावर घेतली की वजन सांगायचा,
काटा नंतर तेच म्हणायचा.
आता रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर,
कॉफीच्या आधी, अनवाणी,
तो स्वतःच काट्यावर चढतो
आणि कॅलेंडरवर आकडा लिहितो, आजच्या संताच्या नावाखाली.
तीन दिवसांत दोन किलो चढले तर फोन करायचा.
चरबी नव्हे, पाणी.
घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो,
मिठागराच्या गाळात पाय रुतल्यावर राहायचा तसा,
हळूहळू भरत येणारा.

खाल्ल्या मिठाला जागलेला माणूस,
आणि त्याच्याच सूपमध्ये मीठ नाही.
पोर्तोहून सुनेने पाकीट पाठवलं: हृदयाला चालणारं मीठ.
ग्रासाने चष्मा चढवून बारीक अक्षरं वाचली.
यात पोटॅशियम आहे. नव्या गोळीने ते रक्तात आधीच वाढू शकतं.
पाकीट राहिलं तिच्याच काउंटरवर.
बेलमिरो म्हणाला, मिठासारखं दिसतं आणि मीठ नाही,
अशा गोष्टीवर माझा कधीच विश्वास नव्हता.

शनिवारी रात्री आठला
हात आपोआप खणात गेला.
खण रिकामा.
एक सुई, दोन बटणं, मेलेल्या कुत्र्याचा परवाना.
चिडला. म्हणाला, उद्यापर्यंत मेलो तर?
ती म्हणाली, मग ग्रासाला जाब विचारेन,
आता झोप.
तीन उशांवर तो टेकला, झोपला नाही.
तिलाही झोप नव्हती. ती त्याचा श्वास मोजत होती,
मध्येच आकडा चुकत होती
आणि पुन्हा एकपासून सुरुवात करत होती.
खिडकीबाहेर खाजणाचं पाणी ओहोटीला लागलं होतं.
पहाटे तीनला तो म्हणाला,
तिसऱ्या खाचराचं दार उघडं राहिलंय बघ.
ते मिठागर विकून एकोणीस वर्षं झाली.
ती म्हणाली, लावलंय मी.

रविवारी घंटा वाजायला लागल्या तेव्हा घड्याळात आठला दोन मिनिटं कमी होती.
त्या दोन मिनिटांसाठीही ती थांबली,
हातात ग्लास, तळहातावर गोळी.
मग दिली.
उठू नकोस लगेच, म्हणाली. आधी कडेला बस, पाय खाली सोड.
नवी गोळी रक्तदाब उतरवते, उभा राहशील आणि पडशील.
तो बसला. पाय जमिनीवर, सुजलेले, आज्ञाधारक.

दुपारी तिने त्याला खिडकीशी नेलं,
हनुवटी वर केली, ओठ पाहिले, म्हणाली, जीभ काढ.
काढली.
काही नाही. नेहमीचीच जीभ, कडेला दाताची जुनी खूण.
अशी सुजलेली वाटली तर ग्रासा नाही, एकशे बारा, समजलं?
समजलं, तो म्हणाला,
आणि ती वळल्यावर
पुन्हा काढली, आधीपेक्षा लांब.
काचेत तिला दिसली.